जर्मन वीजपुरवठा कराराचं इंग्रजी भाषांतर करताना 'अर्बाइट्सप्राइस', 'लाइस्टुंग्सप्राइस' वगैरेंना काय म्हणावं?

तुमच्याकडे जर्मनीतल्या एका कारखान्याचा वीजपुरवठा करार आलाय आणि 'अर्बाइट्सप्राइस'साठी शब्दकोशातला 'वर्किंग प्राइस' तुम्हाला खटकतोय. खटकायलाच हवा. जर्मन कंपन्यांच्या इंग्रजी कागदांत तो सर्रास दिसतो, पण लंडनच्या वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

मी अशी तांत्रिक भाषांतरं करते. माझा सल्ला असा, की प्रतिशब्द शोधण्याआधी प्रत्येक शब्दापुढे कोण, कोणाला आणि कशाचे पैसे देतं ते लिहून काढा. अर्बाइट्सप्राइस आणि लाइस्टुंग्सप्राइस या दोन शब्दांसाठी शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. 'आर्बाइट' म्हणजे कार्य, 'लाइस्टुंग' म्हणजे शक्ती. कार्य किलोवॅट-तासात मोजतात, शक्ती किलोवॅटमध्ये. म्हणजे अर्बाइट्सप्राइस हा वापरलेल्या प्रत्येक युनिटचा दर. ब्रिटिश वाचकासाठी 'युनिट रेट', अमेरिकन वाचकासाठी 'एनर्जी चार्ज'. ग्रुंडप्राइस म्हणजे वीज वापरा न वापरा, द्यावीच लागणारी रक्कम. ब्रिटनमध्ये तिला 'स्टँडिंग चार्ज' म्हणतात. महावितरणचं बिल समोर धरलंत तर 'वीज आकार' आणि 'स्थिर आकार' ही जोडी तिथे छापलेलीच असते.

लाइस्टुंग्सप्राइसमध्ये मात्र लोक हमखास अडकतात, कारण लाइस्टुंगचे कामगिरी, सेवा, लाभ असेही अर्थ आहेत. 'परफॉर्मन्स प्राइस' किंवा 'सर्व्हिस प्राइस' केलंत तर कलमाचा अर्थच बदलतो. वर्षाला साधारण एक लाख युनिटांहून जास्त वीज घेणाऱ्या ग्राहकाचा मीटर दर पंधरा मिनिटांची सरासरी नोंदवतो आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर हा आकार लागतो. समजा एका सकाळी सगळी यंत्रं एकदम सुरू झाली आणि त्या पंधरा मिनिटांची सरासरी २०० किलोवॅट गेली. दर किलोवॅटला वर्षाला १०० युरो असेल तर २०,००० युरो झाले, उरलेलं वर्ष कितीही काटकसरीत जावो. इंग्रजीत हा 'डिमांड चार्ज', आणि ती नोंद 'ॲन्युअल पीक डिमांड'.

याच्याच शेजारी बहुधा 'बेनुत्सुंग्सडाउअर' असेल. शब्दशः 'वापराचा कालावधी', म्हणून कोणी 'पीरियड ऑफ यूज' लिहितं आणि वाचक कराराची मुदत समजून बसतो. खरं तर तो एक भागाकार आहे: वर्षाचा वापर भागिले सर्वोच्च मागणी. पाच लाख युनिटं भागिले २०० किलोवॅट म्हणजे २,५०० तास. हा आकडा मी मुद्दाम घेतला, कारण जर्मन नेटवर्क आकाराचे दर २,५०० तासांच्या अलीकडे वेगळे आणि पलीकडे वेगळे असतात. 'ॲन्युअल युटिलायझेशन अवर्स' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे व्याख्या जोडा.

'आबश्लाग' पाहून डिस्काउंट लिहू नका. इतर व्यवहारांत तो अर्थ बरोबर आहे, इथे नाही. इथे तो दरमहा भरायचा अंदाजे हप्ता. वर्षाअखेरीच्या हिशेबात फरक भरावा लागतो किंवा परत मिळतो. 'मंथली ॲडव्हान्स पेमेंट' चालेल.

नेटवर्कचा आकार, मीटर चालवणाऱ्याचा आकार आणि विजेची किंमत वेगवेगळी ठेवा. १९९८मध्ये जर्मन वीजबाजार खुला झाल्यापासून ग्राहक पुरवठादार निवडू शकतो, तारांचं जाळं मात्र त्या भागातल्या नेटवर्क कंपनीकडेच असतं. 'कोन्त्सेसिओन्सआबगाबे'ला 'लायसन्स फी' म्हणू नका. सार्वजनिक रस्त्यांखालून तारा नेण्याबद्दल नगरपालिकेला जाणारी ती रक्कम आहे, 'कन्सेशन फी'. जुन्या करारात 'ईईजी-उमलागे' (अक्षय ऊर्जेसाठीचा अधिभार) दिसली तर ती १ जुलै २०२२पासून शून्यावर आली म्हणून गाळू नका. कागद अद्ययावत करणं आपलं काम नाही.

आता सगळ्यांत निसरडी जागा: 'ग्रुंडफरझोर्गुंग' आणि 'एरझात्सफरझोर्गुंग'. दोन्ही जर्मन ऊर्जा कायद्यातल्या वीजपुरवठ्याच्या व्यवस्था, कलम ३६ आणि ३८. पहिली घरगुती ग्राहकांसाठी, ज्यांत वर्षाला १०,००० युनिटांपर्यंतचे छोटे व्यावसायिकही धरतात. त्या भागात सर्वाधिक घरगुती ग्राहक असलेल्या कंपनीवर ही जबाबदारी असते. दुसरी लो व्होल्टेज ग्राहकाचा कोणताच करार लागू नसताना आपोआप सुरू होते आणि जास्तीत जास्त तीन महिने चालते. तिला 'सप्लायर ऑफ लास्ट रिझॉर्ट' म्हणण्याचा मोह होतो. पण ब्रिटनमध्ये एखादा पुरवठादार बुडाला की ऑफजेम ही तिथली ऊर्जा नियामक संस्था त्याच्या ग्राहकांसाठी दुसरा नेमते, त्या व्यवस्थेचं हे नाव आहे. जर्मनीत कोणी नेमत नाही, कायद्यानेच ठरलेलं असतं. मी 'डिफॉल्ट सप्लाय' आणि 'फॉलबॅक सप्लाय' लिहिते आणि पहिल्या वेळी मूळ जर्मन शब्द कंसात ठेवते.

कराराच्या शेवटच्या पानांवर 'टेक्स्टफोर्म' आणि 'श्रिफ्टफोर्म' दोन्ही येतील. दोन्हींना 'इन रायटिंग' केलंत तर भांडणाला कारण मिळेल. जर्मन नागरी संहितेत टेक्स्टफोर्मला ईमेल पुरते, कायद्यानेच मागितलेल्या श्रिफ्टफोर्मला साधारणपणे हाताची सही लागते. पहिल्याला 'इन टेक्स्ट फॉर्म' असंच म्हणा, कानाला कितीही विचित्र वाटलं तरी.

आकडेही तपासा. जर्मन कागदावर ०,२८५० युरो म्हणजे साडेअठ्ठावीस सेंट, आणि १.२०० म्हणजे बाराशे. भाषांतराच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका, किमतीच्या परिशिष्टातला प्रत्येक स्वल्पविराम स्वतः बघा. आणि ग्राहकाकडून त्याच पुरवठादाराचं एखादं जुनं बिल मागवून घ्या. कुठली रक्कम कशाची, हे करारापेक्षा त्यावर लवकर कळतं.