हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड कोटींत, तरी एसजीपीटी नॉर्मल कसं? काढा द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की २२ वर्षांच्या भावाचा व्हायरल लोड (रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण) कोटींत आहे, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र २८, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात गोळी आत्ता नको, दर सहा महिन्यांनी तपासू. मग इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा सुरू करावा का?

काढ्याचं आधी सांगतो: देऊ नका. मीही हिपॅटायटिस बीचाच पेशंट आहे. रक्तदानानंतर ब्लड बँकेतून फोन आला तेव्हा कळलं.

हा व्हायरस यकृताच्या पेशीत राहतो, पण सहसा तिला स्वतः मारत नाही. मारतात त्या आपल्याच रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी, आणि पेशी फुटली की एसजीपीटी वाढतं. एरवी व्हायरस शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे रेणू सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. बीचा व्हायरस मात्र जवळपास चाहूल न देता शिरतो. त्यात यकृताचा स्वभावच शांत. आतड्याकडून येणाऱ्या रक्तातल्या प्रत्येक कणावर ते चवताळलं तर कसं चालेल? म्हणून तिथे इंटरल्युकिन-१०सारखे ‘गप्प राहा’ सांगणारे रेणू असतात. वर्षानुवर्षं व्हायरस समोर असलेल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक चढतो, त्या थकतात. लढाईच नाही, म्हणून एसजीपीटी २८.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे रेणू पेशी न मारताही तिच्यातला व्हायरस दाबू शकतात. म्हणूनच संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन दिलं तर दबलेला बीचा व्हायरस पुन्हा उसळू शकतो. भावाला पुढे कुठलंही असं औषध सुचवलं, तर आधी हिपॅटायटिसचं सांगायचं.

मी पेगिलेटेड इंटरफेरॉन, म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायचं इंटरफेरॉनचं इंजेक्शन, ४८ आठवडे घेतलं. दर शनिवारी रात्री फ्रिजमधून सिरिंज काढायची, पॅरासिटामॉल घ्यायची, पोटावर टोचायचं. मध्यरात्री हुडहुडी, अंग ठेचल्यासारखं. फ्लूत अंग दुखतं त्यातही इंटरफेरॉनचा मोठा हात असतो, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. पांढऱ्या पेशी घसरल्या, मी घरात विनाकारण चिडायला लागलो. एवढं करून एचबीएसएजी (व्हायरसच्या आवरणाचं प्रोटीन, ते रक्तात असलं की लागण आहे) गेलं नाहीच. आता टेनोफोविरची गोळी चालू आहे, व्हायरस दबलेला आहे. नेमका रेणू, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिला तरी ही किंमत मोजावी लागते. काढ्यात कशाला चिथावतोय हे कोण मोजणार? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. त्यांच्यात स्वतःच्याच यकृतावर रोगप्रतिकारशक्ती उलटल्याची लक्षणं दिसली होती.

सहा महिन्यांची तपासणी मात्र चुकवू नका. शांतता कधीही मोडू शकते, आणि वारंवार सूज आली की टीजीएफ-बीटा नावाचा रेणू यकृतात जखमेच्या वणासारख्या कडक ऊती साठवायला लावतो. त्यातूनच पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं. एसजीपीटी उडी मारेल तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवा.

अजून एक. जन्मताच लागण झाली तर सुमारे ९० टक्के मुलांत हा आजार कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. भावाला हा बहुधा लहानपणापासून असावा. आईचं आणि तुमचं एचबीएसएजी केलंय का? नसेल तर या आठवड्यात करा. निगेटिव्ह आलं आणि लस झालेली नसेल, तर तिचे तीन डोस घ्या.