आधी सन बघ

अनेक आशीर्वाद.

लॅटिन लेखकांवरचा निबंध लिहिताना तू व्हर्जिलपाशी अडलीस. "हा रोमच्या पहिल्या सम्राटाचा, ऑगस्टसचा, भाटच होता ना?" असं विचारतेस. तुझं टिपण पाहिलं. सिसेरो, व्हर्जिल, होरेस, ओव्हिड एका रांगेत उभे, आणि सगळ्यांवर मिळून 'सुवर्णयुग' अशी एकच पाटी. सन कुठे आहेत? एकही नाही. मग अडशील नाही तर काय!

व्हर्जिल जन्मला इ. स. पू. ७० मध्ये, होरेस ६५ मध्ये. दोघं वयात आले ते यादवीत. इ. स. पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत होरेस सीझरच्या मारेकऱ्याच्या, ब्रूटसच्या बाजूने लढला, म्हणजे ज्याला पुढे ऑगस्टस म्हणू लागले त्याच्या विरुद्ध. हरला. वडिलांचं घर गेलं, जमीन गेली. जिंकलेल्या सैनिकांना वाटायला इटलीत ठिकठिकाणी शेतं काढून घेतली. व्हर्जिलचं पहिलंच गोपगीत वाच. एक जण झाडाखाली निवांत पावा वाजवतोय, कारण त्याचं शेत वाचलंय. दुसरा शेळ्या हाकत गाव सोडून चाललाय. हे पाहिलेल्या माणसाने शांतता आणणाऱ्या ऑगस्टसची स्तुती केली, तर तिचं वजन वेगळं असतं. ती खरीच होती असं मी म्हणत नाही. सन बघ, एवढंच म्हणतो.

आता ओव्हिड. जन्म इ. स. पू. ४३. यादवी निकालात काढणाऱ्या ॲक्टियमच्या लढाईच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा. त्याला शांतता आयती मिळाली, म्हणून तो तिची थट्टा करू शकला. इ. स. ८ मध्ये त्याच ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठी टोमिसला धाडलं. कारण तो स्वतः सांगतो, एक कविता आणि एक चूक. चूक कोणती, ते सांगत नाही. तो रोमला परतलाच नाही. आणि तू व्हर्जिल आणि ओव्हिड या दोघांना एका पाटीखाली बसवतेस!

सिसेरोचं कर्तव्यांवरचं पुस्तक तुला "उपदेशाचं गाठोडं" वाटलं. ते इ. स. पू. ४४ च्या शरदात, अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं आहे. त्याच महिन्यांत सिसेरो तेव्हाच्या बलाढ्य सेनानीवर, अँटनीवर, जहरी भाषणं रचत होता. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात अँटनीच्या माणसांनी त्याचा गळा कापला, डोकं आणि हात रोमच्या चौकात टांगले. आता पुन्हा वाच, आणि कंटाळा आला तर मला कळव.

माझ्या वर्गात फळ्याच्या डाव्या कडेला सनांचा रकाना असे. तो मी कुणाला पुसू देत नसे. साहित्य शिकवता की सनावळ्या, असं सहकारी हसत. अभ्यासक्रम मागे पडे, वरून कानउघाडणी होई. होऊ दे. आजही तेच करीन. माझी खंत वेगळीच आहे. लॅटिन मी पन्नाशीत हाती घेतलं, तोवर भाषांतरांवर भागवलं. होरेस कानाने वाचायचा कवी, आणि माझा कान तेव्हा निबर झाला होता. तू विशीत आहेस, व्याकरणाला घाबरतेस कसली?

इतिहासकार टॅसिटसला मात्र तू "निर्भीड" म्हटलंस, ते खोडून टाक. जुलमी बादशहा डोमिशियनच्या राज्यात तो पदं चढत गेला. इ. स. ९६ मध्ये तो बादशहा मारला गेला, त्यानंतर याने लेखणी उचलली, आणि पहिल्याच पुस्तकात लिहिलं की हेल्विडियस या सेनेटरला तुरुंगात ओढलं ते आमच्याच हातांनी. जिवंत जुलमी राजापुढे गप्प बसलेल्या माणसाचं हे लिखाण आहे. मला तो त्यामुळे अधिक आवडतो. तुला कमी आवडला तरी चालेल, पण सन बघून.

'भाट' हा शब्द इतक्यात काढू नकोस. आधी व्हर्जिलच्या 'ईनीड' या महाकाव्याचा शेवट वाच. शत्रू टर्नस जमिनीवर पडून विनवतोय, आणि रोमचा मूळपुरुष ईनिअस रागाच्या भरात त्याला भोसकतो. काव्य तिथेच थांबतं. भाट असा शेवट करील का, ते मला पुढच्या पत्रात लिही. आणि समासात सन घाल.