चहाने भूक मरते, भागत नाही

बाळा,

परवा फोनवर रडवेली होऊन विचारलंस, "ताई, वाचलेलं डोक्यात राहतच नाही, माझी कुवतच नाही का?" कुवतीचं नंतर बघू. तू पाठवलेल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 8.6 आहे. बाईचं निदान 12 तरी हवं. अभ्यासिकेचा जिना चढताना धाप लागते, दुपारी पुस्तकावर मान पडते, त्याचं मूळ आधी इथं शोध.

मेसला खाडा टाकून कटिंग आणि क्रीमरोलवर दुपार काढतेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळावं? फार राग आला. चहाने भूक मरते गं, भागत नाही.

मीही सदाशिव पेठेत तीन वर्षं हेच केलं. खाड्यांचे पैसे जमवून पुस्तकं घ्यायची. मुख्य परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीच्या जिन्यात कोसळले, पेपर हुकला. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. वडिलांकडे जास्तीचे पैसे मागणं शक्यच नव्हतं, त्यावरून आजही मला कुणी बोललेलं खपत नाही. पण तुझे वडील पैसे पाठवतात, तू वाचवतेस. हे मला पटणार नाही.

आणि जेवल्यावर लगेच चहा घेतेस, तोही बंद. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. लिंबाचं उलट आहे, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. डब्यातल्या मटकीच्या उसळीवर अर्धं लिंबू पिळ. पेरू खा. याला किती पैसे पडतात?

मात्र 8.6 नुसत्या खाण्याने भरून येणार नाही. डॉक्टरांकडे जा, रक्त का कमी झालं ते विचार, गोळ्या दिल्या तर नेमाने घे. चहाबरोबर गिळू नकोस. पुन्हा सांगते, चहाने भूक मरते, भागत नाही.

या महिन्याचे मेसचे पैसे मी काकूंकडे भरलेत. त्यावरून वाद नको. तू खाडा टाकलास तर त्या मला कळवणार आहेत.

रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा माझ्याकडे ये. बाजरीची भाकरी, मेथी आणि तिळाची चटणी करते. चहा जेवणानंतर तासाभराने मिळेल.

तुझी,
ताई