वाचकांचे प्रश्न : डी मेसॉनच्या क्षयाची टक्केवारी कशी मोजतात?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकते. कणांच्या गुणधर्मांच्या तक्त्यात डी-शून्य या मेसॉनपुढे असे छापले आहे की, शंभरांपैकी ३.९५ वेळा त्याचा क्षय ऋण केऑन आणि धन पायॉन यांच्यात होतो. हा कण अर्धा पिकोसेकंदही जगत नाही आणि डिटेक्टरला सगळे कण दिसतही नाहीत. मग एकूण किती कण जन्मले हे कळते कसे, आणि दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे कोणत्या भरवशावर लिहिले जातात? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपण नेमक्या अवघड जागी बोट ठेवले आहे. (मेसॉन म्हणजे क्वार्क हा मूलकण आणि एक प्रतिक्वार्क यांच्या जोडीचा अल्पायुषी कण. डी, केऑन आणि पायॉन हे सगळे मेसॉनच. असा कण फुटून त्याचे दुसरे कण होतात, त्याला क्षय म्हणतात.) टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे आणि त्याचा अंश, म्हणजे हवा तो क्षय किती वेळा दिसला हा आकडा, त्या मानाने सरळपणे मिळतो. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील ‘स्पिअर’ या साठवण-कड्यावर (कणांच्या शलाका फिरवत ठेवून आदळवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रावर) ‘मार्क-१’ डिटेक्टरने डी-शून्य पहिल्यांदा दाखवला, तेव्हा केऑन आणि पायॉन यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या आलेखात १८६५ एमईव्हीपाशी एक उंचवटा दिसला आणि कणाचे अस्तित्व सिद्ध करण्यास तो पुरेसा ठरला. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांचे वस्तुमान याच एककात सांगतात. या मापाने प्रोटॉन ९३८ भरतो.) उंचवट्यातील घटना मोजल्या की अंश मिळतो. छेद, म्हणजे एकूण डी-शून्य किती जन्माला आले हा आकडा, मात्र त्या आलेखात कोठेच नसतो.

किती टकरी झाल्या आणि दर टकरीमागे डी-शून्य जन्मण्याची शक्यता किती, यांचा गुणाकार करून छेद काढावा असे सुचू शकते. परंतु ती शक्यता ठरवायची तर डी-शून्य मोजावे लागतात आणि ते मोजायचे तर त्यांच्या क्षयाची टक्केवारी आधी ठाऊक असावी लागते. अशा रीतीने आपण फिरून मूळ जागी येतो.

या चक्रातून सुटका होते ती टकरीची ऊर्जा फार विचारपूर्वक निवडल्यामुळे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर ३७७३ एमईव्हीला घडवली की साय-३७७० नावाची अवस्था निर्माण होते आणि ती बहुतांशी एक डी आणि एक प्रति-डी अशा जोडीत फुटते. डी-शून्य आणि त्याचा प्रतिकण यांचे मिळून वस्तुमान ३७२९.७ एमईव्ही होते, म्हणजे शिल्लक उरतात जेमतेम ४३ एमईव्ही. अशा टकरीत जोडीला जन्मू शकेल असा सर्वांत हलका मेसॉन म्हणजे उदासीन पायॉन, आणि त्यालाच १३५ एमईव्ही लागतात. त्यामुळे जोडीखेरीज तिसरा मेसॉन तेथे जन्मूच शकत नाही. टेकडी गणपतीच्या पायऱ्यांपाशी जोडातील डावी चप्पल दिसली की उजवीही घातली गेली होती याविषयी शंका उरत नाही, त्याप्रमाणे येथे प्रति-डी पूर्ण ओळखता आला की दुसऱ्या बाजूस डी होताच, मग तो डिटेक्टरला दिसलेला असो वा नसो.

छेद मिळतो तो येथे. प्रथम केवळ प्रति-डी मोजायचे. यास चिन्हांकन म्हणतात. नंतर, त्याच चिन्हांकित घटनांमध्ये समोरच्या बाजूला ऋण केऑन आणि धन पायॉन किती वेळा सापडले ते मोजायचे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की टकरींची संख्या, जोडी जन्मण्याची शक्यता आणि चिन्हांकित बाजूच्या क्षयाची टक्केवारी या तिन्ही गोष्टी गणितातून आपोआप निघून जातात. चिन्हांकित कण डिटेक्टरच्या हाती लागण्याचे प्रमाणही अंश आणि छेद या दोहोंत येत असल्यामुळे जवळजवळ पूर्णपणे कटते. स्पिअरवरच पुढे ‘मार्क-३’ या प्रयोगाने १९८०च्या दशकात ही दुहेरी चिन्हांकनाची पद्धत रुळवली. कॉर्नेल येथील ‘क्लिओ-सी’ने २००३ ते २००८ या काळात आणि बीजिंगमधील ‘बीईएस-३’ने त्यानंतर ती अतिशय काटेकोर केली. माझ्या मते कणभौतिकीतील मोजमापाच्या ज्या थोड्या युक्त्या निखळ सुंदर म्हणाव्यात, त्यांत हिचा क्रम फार वरचा आहे, कारण तिच्यात जे ठाऊक नाही त्याचा अंदाज बांधावा लागत नाही. त्याची गरजच उरत नाही.

चिन्हांकन करताना वस्तुमानही थेट काढत नाहीत. जोडीतील दोघांची वस्तुमाने सारखी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला टकरीची बरोबर निम्मी ऊर्जा, म्हणजे १८८६.५ एमईव्ही येते. आणि त्वरकातील किरणशलाकेची ऊर्जा ही डिटेक्टरने मोजलेल्या कणांच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी अचूक माहीत असते. म्हणून ऊर्जा शलाकेची घेतात, संवेग तेवढा मोजलेला घेतात आणि दोहोंच्या वर्गांच्या वजाबाकीतून वस्तुमान काढतात. असे केल्याने उंचवटा इतका निरुंद होतो की त्याची रुंदी दीड-दोन एमईव्हींच्या आसपास राहते आणि खोट्या जुळण्या बाजूला सारणे सोपे जाते.

आता उरतो तो समोरच्या केऑन-पायॉनांचा प्रश्न. ते डिटेक्टरच्या हाती लागण्याचे प्रमाण कटत नाही आणि आपली शंका येथे पूर्णपणे रास्त आहे. हे प्रमाण प्रथम संगणकीय अनुकरणातून काढतात; पण त्यावर विसंबून न राहता ते प्रत्यक्ष घटनांवर तपासून घेतात. चिन्हांकित प्रति-डी घ्यायचा, समोरचा पायॉन शोधायचा आणि केऑनकडे मुद्दाम पाहायचेच नाही. ऊर्जा आणि संवेग यांच्या जमाखर्चावरून हरवलेल्या कणाचे वस्तुमान काढायचे. ते केऑनइतके आले म्हणजे केऑन नक्की होता. त्यानंतर मागे वळून पाहायचे, की डिटेक्टरने अशा किती केऑनांची वाट खरोखर टिपली होती. अनुकरण आणि वास्तव यांत जो फरक निघेल तेवढी दुरुस्ती करायची. केऑन-पायॉनांबरोबर एखादा मंद फोटॉन निसटला तर त्याची ऊर्जा हिशेबातून गळते, म्हणून त्याचीही वेगळी तजवीज असते. तक्त्यातील दोन दशांश आकडे या सगळ्या कामातून आलेले आहेत. ते इतके महत्त्वाचे अशासाठी की, इतर अनेक क्षय, अगदी बी या अधिक जड मेसॉनचेही, याच एका क्षयाच्या तुलनेत मोजले जातात. हा आकडा चुकला तर पुढचे सर्वच त्याच प्रमाणात चुकतील.

प्रश्न : न्यूट्रिनो कोणत्याही डिटेक्टरला न दिसता निघून जातो, असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले. मग डी-धन मेसॉनचा ‘म्यूऑन आणि न्यूट्रिनो’ असा क्षय मोजल्याचे सांगतात, ते कशाच्या आधारावर? (एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : सर, न्यूट्रिनो दिसत नाही हे आपण शिकवले ते खरेच आहे. वर सांगितलेल्या पद्धतीचे खरे सामर्थ्य अशाच क्षयांत कळते. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, तो डिटेक्टरला दिसतो. चिन्हांकित डी-ऋणाचा (डी-धनाच्या प्रतिकणाचा) संवेग मोजला की समोरच्या डी-धनाचा संवेग तेवढाच आणि उलट दिशेचा असतो, आणि त्याची ऊर्जा शलाकेच्या ऊर्जेइतकी असते. त्यातून म्यूऑनची ऊर्जा आणि संवेग वजा केले की न पाहिलेल्या कणाच्या वस्तुमानाचा वर्ग हाती येतो. न्यूट्रिनो असेल तर हा वर्ग शून्याच्या जवळ यायला हवा.

बीईएस-३ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. चिन्हांकित डी-ऋण सुमारे १७ लाख होते. त्यांच्या समोर केवळ एक म्यूऑन असलेल्या आणि वर्ग शून्यापाशी आलेल्या घटना, पार्श्वभूमी वजा जाता, सुमारे ४०९ भरल्या. भागाकार केल्यास दहा हजारांत २.४ येतात, आणि असा म्यूऑन तीनांपैकी साधारण दोनदाच हाती लागतो हे धरून दुरुस्ती केली की दहा हजारांत ३.७ हे उत्तर मिळते. आलेखात शून्यापासून दूर, ०.२५ जीईव्ही-वर्ग या मूल्यापाशी (जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), आणखी एक मोठा उंचवटा दिसतो. तेथे पायॉनसोबत दीर्घायुषी उदासीन केऑन निर्माण झालेला असतो आणि तोही आतल्या थरांत माग न ठेवता निघून जातो. दोन्ही उंचवटे एकमेकांपासून स्पष्ट अलग दिसतात, म्हणूनच शून्यापाशी जमलेल्या घटना न्यूट्रिनोच्याच आहेत असे खात्रीने म्हणता येते.

एवढ्या मोजक्या घटनांसाठी इतका खटाटोप का, असे वाटू शकते. या क्षयाचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो : मेसॉनमधील दोन क्वार्क एकमेकांत किती घट्ट गुंतले आहेत हे सांगणारा स्थिरांक, आणि डी मेसॉनमधील चार्म नावाच्या जड क्वार्कचे डाउन नावाच्या हलक्या क्वार्कमध्ये रूपांतर होण्याची ताकद. पहिली गोष्ट महासंगणकांवर अवकाशकालाची जाळी कल्पून काढतात आणि ती डी-धनासाठी सुमारे २१२ एमईव्ही येते. प्रयोगातील आकडा या हिशेबाशी जुळतो, तेव्हाच बी मेसॉनसाठी केलेल्या तशाच हिशेबावर भरवसा ठेवता येतो. कारण तेथे हाच क्षय इतका विरळ असतो की असा थेट पडताळा घेणे फार कठीण जाते.

प्रश्न : डी-धन मेसॉन डी-शून्यापेक्षा अडीच पट जगतो असे वाचले. दोघांतही चार्म क्वार्क तोच, मग हा फरक का? आणि एवढे छोटे आयुष्य मोजतात तरी कसे? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. डी-शून्याचे सरासरी आयुष्य ०.४१ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यांतील चार भागांइतके असते. इतका काळ घड्याळाने मोजत नाहीत. कण जन्मस्थानापासून किती दूर जाऊन फुटला ते अंतर मोजतात आणि त्याच्या संवेगावरून वेळ काढतात. साय-३७७० पासून जन्मलेले डी-शून्य इतके मंद असतात की सरासरी १९ मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतात, म्हणून टक्केवारीसाठी उत्तम असलेली ही जागा आयुष्य मोजण्यासाठी निरुपयोगी ठरते. जपानमधील त्सुकुबा येथे ‘बेल-२’ या प्रयोगात ७ आणि ४ जीईव्ही अशा असमान ऊर्जेच्या शलाका आदळतात. तेथे डी-शून्य सुमारे २०० आणि डी-धन सुमारे ५०० मायक्रॉन जाऊन फुटतो. शलाकेपासून अवघ्या १.४ सेंटिमीटरवर सिलिकॉन संवेदकांचा पहिला थर आहे. एखाद्या थराची जागा काही मायक्रॉनांनी चुकीची धरली गेली तरी आयुष्याचा आकडा हलतो, म्हणून संवेदकांची मांडणी पडताळण्यावर फार मोठे कष्ट घेतले जातात. २०२१ मध्ये या गटाने डी-शून्यासाठी ०.४१०५ आणि डी-धनासाठी १.०३०४ पिकोसेकंद हे आकडे जाहीर केले.

फरकाचे कारण चार्म क्वार्कच्या शेजाऱ्यात आहे. चार्म क्वार्क फुटताना बहुधा एक स्ट्रेंज, एक अप आणि एक प्रति-डाउन क्वार्क देतो. डी-धनात शेजारी आधीपासूनच प्रति-डाउन असतो, त्यामुळे दोन एकसारखे कण समोर येतात, क्षयाच्या दोन वाटा एकमेकींना अंशतः खोडून काढतात आणि क्षय मंदावतो. डी-शून्यातील शेजारी प्रति-अप असल्याने ही अडचण येत नाही. याचा पडताळाही टक्केवारीतच मिळतो. इलेक्ट्रॉनवर्गीय क्षयांत हा व्यत्यय नसतो. डी-धनाच्या क्षयांपैकी सुमारे १६ टक्क्यांत पॉझिट्रॉन दिसतो आणि डी-शून्याच्या सुमारे साडेसहा टक्क्यांत. हे गुणोत्तरही अडीचच्या जवळ आहे! म्हणजे पॉझिट्रॉन देणाऱ्या क्षयाचा प्रत्यक्ष वेग दोघांत सारखाच आहे. क्वार्कच क्वार्क देणाऱ्या क्षयांचा वेग तेवढा डी-धनात घटला आहे आणि त्यामुळे त्याचे आयुष्य लांबले आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात मोठी प्रयोगशाळा नाही. विद्यार्थ्यांना यातले काही प्रत्यक्ष करून पाहता येईल का? (एक प्राध्यापिका, नागपूर)

उत्तर : अवश्य येईल आणि त्यासाठी इंटरनेट असलेला एक संगणक पुरेसा आहे. (पुढे संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की, बेल-२च्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने बांधला आहे.) जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील ‘एलएचसीबी’ प्रयोगाने विद्यार्थ्यांसाठी डी-शून्याच्या खऱ्या घटना खुल्या केल्या आहेत. विद्यार्थी प्रथम पडद्यावर केऑन आणि पायॉन यांच्या वाटा जोडून डी-शून्य शोधतात, मग वस्तुमानाचा उंचवटा काढतात आणि शेवटी आयुष्याचा आलेख. पहिल्या प्रयत्नात आयुष्य बहुधा तक्त्यातील ०.४१ पिकोसेकंदांपेक्षा जास्त येते. असे झाले तर विद्यार्थ्यांना लगेच उत्तर सांगू नये. डी-शून्याची वाट मूळ टकरीच्या बिंदूपासून किती अंतरावरून जाते ही अट त्यांना हळूहळू कडक करायला सांगावी. आकडा खाली उतरू लागतो, कारण काही डी-शून्य टकरीत जन्मलेले नसून बी मेसॉनच्या क्षयातून आलेले असतात आणि बी मेसॉनने जगलेला काळही त्यांच्या नावावर मोजला गेलेला असतो.