आधी नंबर सेव्ह करून घे

गावात पाण्याची टाकी बसवायला देणग्या मिळवायच्या तर इन्स्टाग्रामवर काय टाकू, असं विचारलंस. इन्स्टाग्रामचं नंतर बघू, आधी आपल्या संस्थेचं व्हॉट्सअ‍ॅप नीट कर. आपले देणगीदार म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोड, इंदिरानगरची निवृत्त मंडळी. सकाळी चहाबरोबर ती तेच उघडतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. मी वर्षभर पाठवत बसले आणि कित्येकांना काही पोचलंच नव्हतं! तेव्हा पावती देतानाच, समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घे.

फोटो? शाल-श्रीफळाचे अजिबात नकोत, ते आपल्यालाच आवडतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांकडे उन्हाळ्यात बाई झऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरते, ती वाटी दाखव. चेहरा दाखवायचा तर तिला आधी विचार. मी एकदा विचारलं नव्हतं. तिच्या मुलाने चारचौघांत सुनावलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

पैसे मागताना नेमकी वस्तू आणि किंमत सांग, ‘सढळ हस्ते’ नको. देणगीवरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाहीच, हेही लिही. नाहीतर मार्चअखेरीस फोन घेऊन घेऊन थकशील. टाकी बसली की त्याच लिस्टवर नळाच्या धारेचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाक. त्या मेसेजमध्ये मात्र क्यूआर कोड जोडू नकोस.