रेस्टिव्ह म्हणजे रेस्टलेसच का?

भाचीने विचारलंय की पेपरात 'द क्राउड ग्रू रेस्टिव्ह' असं वाचलं, तर रेस्टिव्ह म्हणजे रेस्ट घेणारा, शांत असा, की रेस्टलेसचंच दुसरं रूप?

शांत तर नाहीच गं. पण रेस्टलेसच्या जागी तो नेहमी चालतो असंही नाही, आणि विश्रांतीवाल्या रेस्टशी त्याचं नातंच नाहीये. मूळ लॅटिन रेस्तारे, म्हणजे मागे राहणं, थांबून राहणं, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'रेस्ट ऑफ द मनी' मधला बाकी, उरलेला या अर्थाचा रेस्ट याच घरातला. विश्रांतीवाला जर्मानिक कुळातला, घरच वेगळं.

आधी हा शब्द घोड्याला लावायचे, जो अडून बसलाय, पुढे जायचं नावच घेत नाही. मग अडलेला तो चुळबुळणारा कसा झाला? मला हे आमच्या इंदूरला मल्हारगंजात एका वरातीत कळलं. बँड सुरू झाला आणि नवरदेवाची घोडी अडली, घोडीवाला लगाम ओढतोय, चुचकारतोय, ती एक पाऊल पुढे टाकेना, पण उभी तरी धड कुठे होती, खूर आपटतेय, मान झटकतेय, कान मागे पाडलेत, उलटी मागेच सरकतेय. अडलेली पण तीच आणि बिथरलेली पण तीच.

म्हणून रेस्टिव्हमध्ये बहुतेकदा कुठेतरी लगाम असतो. कुणीतरी थांबवून धरलंय आणि आता धीर सुटत चाललाय. पगार थकलेले शिपाई, नेता दोन तास उशीर करतो ती सभा, तिकडे रेस्टिव्ह चपखल. रात्री झोप येत नाही तर ती रेस्टलेस नाइट, तिला रेस्टिव्ह नाही म्हणत.

डिक्शनऱ्या दोन्हीला सर्रास 'अस्वस्थ' लावून मोकळ्या होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे शब्द किती आहेत बघ: तळमळ, हुरहुर, घालमेल हे आतल्या आत चालतं, ते रेस्टलेसकडे. बिथरणं, चुळबुळ, कुरबुर हे बाहेर दिसतं, ऐकू येतं, ते रेस्टिव्हच्या जवळचं. इथे हिंदीत राहून आपण पण सगळ्याला 'बेचैन' म्हणायला लागलोय.

तर तुझ्या वाक्याला मी 'गर्दी चुळबुळायला लागली' असं म्हणेन, आणि पुढे दगडफेकीपर्यंत प्रकरण गेलेलं असेल तर 'गर्दी बिथरायला लागली'.