गावची तळी कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न : ताई, आमच्या वाड्यावरची जुनी तळी गाळाने भरली आहे, पायऱ्या ढासळल्यात. तरुण पोरं पणजीला नाहीतर परदेशात. फ्रान्समधली शंभरेक वस्तीची गावंसुद्धा आपला वारसा जपतात, असं ऐकतो. तुमची लेक तिकडे असते, तुम्ही राहून आला आहात. त्यांना हे कसं जमतं? पर्यटनामुळे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पर्यटनामुळे मुळीच नव्हे. लेकीचं सासर ओवेर्न भागातल्या एका चिमुकल्या गावात आहे. तिथे दुकान नाही, शाळा कधीचीच बंद पडली. पावाची गाडी हॉर्न वाजवत येते, आपल्या पोदेराची आठवण व्हावी अशी. पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत.

पण तिथला कपडे धुण्याचा हौद पाहा. त्याला 'लावुआर' म्हणतात. वर कौलारू छप्पर, ओहोळाचं पाणी एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं. काठाचे दगड आतल्या बाजूला उतरते बसवलेले आणि बायका गुडघे टेकून जिथे कपडे घासायच्या, तिथे ते झिजून गुळगुळीत झालेले. साथीच्या रोगांच्या भीतीने 1851 साली सरकारने असे हौद बांधायला गावांना अनुदान दिलं होतं. आता तिथे कोणी धुणं नेत नाही. तरी शेवाळ खरवडलं जातं, फुटलेलं कौल बदललं जातं. कारण तो हौद गावाच्या मालकीचा आहे आणि ते गाव कायद्याने जिवंत आहे.

फ्रान्समध्ये अशी सुमारे 35 हजार 'कोम्यून', म्हणजे स्वतःचा कारभार असलेली गावं-शहरं, आहेत. गाव कितीही लहान असो, त्याला स्वतःचा मेयर, दर 6 वर्षांनी निवडून येणारी परिषद आणि स्वतःचं छोटंसं अंदाजपत्रक. द्रोम भागातल्या रोशफुर्शा गावात अनेक वर्षं कायमचा रहिवासी एकच होता, तरी त्यालाही मेयर! 1905च्या कायद्यानंतर जुनी गावठाणातली चर्चंही बहुतेक कोम्यूनच्याच मालकीची झाली. छप्पर गळलं, तर धावपळ मेयरची. मोठ्या कामाला पैसे कमी पडले, की सरकारी अनुदान, वारसा-प्रतिष्ठानाची मदत, 2018पासून वारशासाठी काढलेल्या लॉटरीचे पैसे. पण मागायला कोणीतरी जबाबदार माणूस आधी हवा ना?

चौकात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ आहे. एवढ्याशा गावात एकेक आडनाव दोन-दोन, तीन-तीनदा कोरलेलं. दर 11 नोव्हेंबरला मेयर ती नावं मोठ्याने वाचतात. ज्यांच्या घरांना आज कुलपं आहेत, त्यांचीही. गावं रिकामी व्हायला एक सुरुवात तिथूनही झाली, हे ती यादी ऐकताना कळतं आणि गळा दाटून येतो.

तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. कित्येक घरं फक्त ऑगस्टच्या सुट्टीत उघडतात, परिषदेला उभं राहायला माणसं मिळत नाहीत. पण 'हे कोणाचं?' या प्रश्नाला तिथे उत्तर आहे. तुमच्या तळीचं दुखणं नेमकं तेच आहे.

म्हणून आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा. तळी कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) नावावर आहे, देवस्थानच्या, सरकारच्या की खाजगी, ते बघा. देवस्थानची असेल तर महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या पारंपरिक सभासदांच्या, समितीला, कोमुनिदादीची असेल तर तिच्या समितीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग ग्रामसभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. नुसत्या तोंडी चर्चेचा काही उपयोग नाही. परदेशातल्या पोरांनाही कळवा. गावचं काम म्हटलं की ती हात आखडता घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

गाळ एप्रिल-मे महिन्यात काढा, पाणी तळाला गेलेलं असतं. आणि ठेकेदाराला चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका. झऱ्याचं पाणी त्या सांध्यांतूनच तळीत झिरपतं.